'अनफिट'च्या शिक्क्यानंतर

विमान चालवणाऱ्या माणसाला लोक नावाने कमी आणि हुद्द्याने अधिक ओळखतात. मोहल्ल्यात तो 'पायलटसाहेब' असतो. लग्नाच्या मांडवात त्याची ओळख 'हे विमान चालवतात' अशीच करून दिली जाते. या साऱ्या इज्जतीची इमारत मात्र एका कागदावर उभी असते. तो कागद म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र. व्यावसायिक वैमानिकाला ते ठरावीक मुदतीने, साधारणतः दरवर्षी आणि वय वाढल्यावर दर सहा महिन्यांनी, नव्याने मिळवावे लागते. डोळे, कान, हृदय, रक्तदाब, साखर, मनाची अवस्था, सगळे तपासले जाते. परवाना खिशात असला तरी हे प्रमाणपत्र नसेल, तर विमान चालवता येत नाही. ईसीजीच्या पट्टीवर एक वेडीवाकडी रेघ उमटते किंवा एकदाच आकडी येते, आणि वीस वर्षांत कमावलेले कसब एका दुपारी जागच्या जागी थांबते.

असा माणूस पुढे काय काम करील, हा व्यवहाराचा प्रश्न झाला. पण त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्या सचोटीने त्याने आपला आजार सांगितला, त्या सचोटीची किंमत एकट्या त्यानेच मोजायची काय?

हा प्रश्न आपल्या समाजाला परका नाही. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून पिढ्यानपिढ्या माणसे जहाजावर गेली. पुढे १९७०च्या दशकानंतर तीच घरे आखाती देशांकडे वळली. छातीच्या एक्स-रेत जुन्या क्षयाचा डाग दिसला म्हणून व्हिसा हातचा गेलेला तरुण आणि रंगांधळेपणामुळे जहाजाच्या डेकवर जाऊ न शकलेला तरुण आपल्याकडच्या अनेक कुटुंबांनी पाहिला आहे. 'मेडिकलमध्ये उडाला' हे दोन शब्द उच्चारताना घरातली माणसे आवाज का खाली आणतात, तेही आपल्याला ठाऊक आहे. वैमानिकाच्या वाट्याला तेच येते. फक्त तो उंचावरून खाली येतो, एवढाच फरक.

प्रथम लपवण्याचा मोह पाहू. शे-दीडशे माणसे वैमानिकाचा चेहराही न पाहता त्याच्या मागे बसतात. त्यांचे जीव ही त्याच्याकडे सोपवलेली अमानत आहे. अमानतीत खयानत करू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले गेले. म्हणून आजार लपवून उड्डाण करणे चूकच, याबद्दल वाद नको. २४ मार्च २०१५ रोजी बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेले जर्मनविंग्ज कंपनीचे विमान सहवैमानिकाने फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात जाणूनबुजून आदळवले आणि १५० माणसे गेली. त्याला डॉक्टरांनी कामावर न जाण्याची चिठ्ठी दिली होती. ती त्याने कंपनीपासून लपवली होती. मानसिक आजार असलेला प्रत्येक माणूस घातकी असतो, असा अर्थ यातून कुणी काढू नये. तो अन्याय होईल. त्या कृत्याचे समर्थनही होऊ शकत नाही. परंतु फ्रान्सच्या तपास यंत्रणेने २०१६मध्ये दिलेला अहवाल केवळ त्या माणसापाशी थांबला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रशिक्षणासाठी काढलेले कर्ज, परवाना गेल्यास उत्पन्न बुडण्याची भीती आणि अपुरे विमासंरक्षण या बाबींचीही त्या अहवालाने दखल घेतली. आजारामुळे उड्डाण बंद झालेल्या वैमानिकांची आर्थिक-सामाजिक हानी कमी करावी, अशी शिफारसही केली.

याचा अर्थ आम्ही असा घेतो : खरे बोलणे हे माणसाचे कर्तव्य आहे, आणि खरे बोलणाऱ्याची चूल विझू न देणे हे इतरांचे. दुसरे कर्तव्य कुणी पाळत नसेल, तर पहिल्याचा उपदेश फार सोपा होतो. उपदेश करणाऱ्याचे त्यात काहीच जात नाही.

नियमही दगडावरची रेघ नसतात. अमेरिकेत नैराश्यावरची औषधे घेणाऱ्या वैमानिकाला पूर्वी उड्डाण बंद असे. २०१०मध्ये त्यांपैकी चार औषधांना काटेकोर अटींवर मुभा मिळाली. ब्रिटनने २०१२पासून इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यावसायिक वैमानिकांसाठी देखरेखीखाली दार उघडले. जिथे सांगितल्यावर वाट मिळते, तिथे माणसे सांगतात. जिथे सांगितल्यावर फक्त भिंत उभी राहते, तिथे खासगी डॉक्टर गाठून गुपचूप गोळ्या घेतल्या जातात. सचोटी वाढवायची असेल, तर भीती कमी करावी लागते.

आता कामाकडे येऊ. अमेरिकेने १९५९मध्ये निवडलेल्या पहिल्या सात अंतराळवीरांत डीक स्लेटन होते. हृदयाच्या ठोक्यांत अनियमितपणा असल्याने १९६२मध्ये, स्वतःची पाळी तोंडावर आली असताना, त्यांचे उड्डाण रद्द झाले. त्याच वर्षी त्यांच्याकडे अंतराळवीरांच्या कामाच्या समन्वयाची जबाबदारी आली. कोणत्या मोहिमेवर कोण जाणार हे ठरवण्यात पुढची कित्येक वर्षे त्यांचा शब्द मोठा होता. चंद्रावर गेलेल्या तुकड्याही त्यांनी निवडल्या. ज्याला स्वतःला वर जाता येत नव्हते, तो दुसऱ्यांना पाठवत राहिला. १९७२मध्ये ते पुन्हा पात्र ठरले आणि जुलै १९७५मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, अपोलो-सोयुझ मोहिमेतून अंतराळात गेले. लोकांना या कहाणीचा शेवट आवडतो. आम्हाला मधली वर्षे अधिक मोलाची वाटतात. परत जायला मिळेल याची खात्री नसताना ते काम त्यांनी निष्ठेने केले.

मात्र स्लेटन यांची हिंमत जितकी खरी, तितकेच हेही खरे की त्यांच्या संस्थेने त्यांना खुर्ची दिली. सामान्य वैमानिकासाठी ही खुर्ची कोण ठेवतो? कामे नाहीत असे नाही. सिम्युलेटरवर नव्यांना शिकवता येते. अनेक देशांत त्यासाठी उड्डाणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही. हवामान, दिशाशास्त्र, विमानविषयक कायदे हे विषय वर्गात शिकवता येतात. विमान कंपन्यांत सुरक्षा विभाग असतो, अपघातांचा तपास असतो, उड्डाणांचे नियोजन करणारे डिस्पॅचर असतात. अमेरिकेत तर मोठ्या प्रवासी कंपन्यांच्या उड्डाणाची जबाबदारी कायद्याने कॅप्टन आणि डिस्पॅचर या दोघांवर असते. हवाई वाहतूक नियंत्रकाचे काम जवळचे वाटते, पण तिथेही वेगळी वैद्यकीय तपासणी आडवी येते. दारे थोडी आहेत, पगार बहुधा कमी आहे. मुलांच्या फीपासून घराच्या हप्त्यापर्यंत सगळ्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

त्याहून अवघड असते ते लोकांच्या नजरेला तोंड देणे. 'आता काय करता?' या साध्या प्रश्नाने माणूस खचतो. इथे आपल्या परंपरेतली एक गोष्ट आठवते. अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते. पैगंबर (स.) यांनी त्यांना दयेची भाकरी देऊन कोपऱ्यात बसवले नाही. हजरत बिलाल (रजि.) यांच्याप्रमाणेच त्यांनाही अजान देण्याचे काम दिले, आणि स्वतः मदीनेबाहेर जाताना अनेकदा तिथला कारभार त्यांच्यावर सोपवला. डोळे नाहीत म्हणून माणूसच बाद, असा हिशेब तिथे नव्हता. या माणसाला काय जमते, हे तिथे आधी पाहिले गेले. आपण मात्र 'बिचारा' म्हणतो आणि कर्तव्य केल्याचे समाधान मानतो.

दुसरी गोष्ट काझी अबू युसूफ यांच्या 'किताबुल खराज'मध्ये नोंदलेली आहे. हजरत उमर (रजि.) यांना दारोदार भीक मागणारा एक वृद्ध, अंध यहुदी दिसला. त्यांनी त्याला घरी नेऊन मदत केली आणि बैतुलमालमधून त्याची सोय लावली. ज्याच्या तरुणपणी आपण कर घेतला त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे हा इन्साफ नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. तो कोणत्या धर्माचा हे आड आले नाही. ज्याच्या ताकदीचा लाभ घेतला, त्याच्या दुबळेपणाची जबाबदारीही येते, हे तत्त्व आजच्या मालकांना, सरकारला आणि समाजालाही लागू आहे. आजार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला जमिनीवरचे काम देणे हा कंपनीचा उपकार मानू नये. खरे बोलणाऱ्या माणसाचे ते देणे आहे.

आणि आपण? विमा जायज की नाजायज या वादात आपली घरे उघडी राहिली. ज्यांना प्रचलित विमा पटत नाही, त्यांनी परस्पर साहाय्याचा, तकाफुलच्या धर्तीवरचा विचार तरी करायला हवा होता. जकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे, हे रमजानमध्ये किती जणांना आठवते? वैमानिक होण्यासाठी लाखोंचे कर्ज काढणाऱ्या मुलाकडे आपण फक्त अभिमानाने पाहतो. त्याच्या हातात दुसरे एखादे कौशल्य आहे का, हे विचारत नाही. हे विचारणे म्हणजे अपशकुन नव्हे. उंट आधी बांधावा, मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपलीच आहे.

रोजी देणारा अल्लाह आहे, असे आपण म्हणतो. मग ती एकाच खुर्चीतून, एकाच गणवेशातून येईल, असा हट्ट का? पण हे वाक्य नोकरी गेलेल्या माणसाला ऐकवण्याआधी आपण त्याच्यासाठी एखाद्या ठिकाणी शब्द टाकला आहे का, हे स्वतःला विचारावे. नाही तर सब्राचा सल्ला हाही जबाबदारी टाळण्याचाच एक प्रकार होतो.