काढलेल्या द्रवाचं काय होतं?

पेण, उरण, कर्जत, खोपोली हा सगळा पट्टा डोळ्यांसाठी पनवेलला येतो. उरण रोडला डॉ. सुहास हळदीपूरकरांचं लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट, नवीन पनवेलला शंकरा आय हॉस्पिटल, शिवाय लहानमोठे दवाखाने. गर्दी बहुतेक मोतीबिंदूची. मोतीबिंदूचं बरं असतं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघते आणि आजी सुनेच्या साडीचा रंग सांगते. पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, डॉक्टरांकडे मामला वेगळा. पंधरा-वीस वर्षं शुगर अंगावर काढलेला माणूस विचारतो, 'डॉक्टर, डोळ्यात किती इंजेक्शनं लागतील?' आणि डॉक्टर म्हणतात, 'बघू या.'

ते टाळाटाळ करत नसतात. त्यांना खरोखरच सांगता येत नाही. या 'बघू या'वर समाधान न मानणारे थोडे जण आठवड्यातले काही दिवस ऑपरेशन थिएटर सोडून प्रयोगशाळेत जातात. अशा डॉक्टरकडे आपल्याकडे जरा संशयानेच पाहतात. हात चांगला असता तर हा उंदरांच्या मागे कशाला लागला असता? मला वाटतं, नेमकं उलट आहे. पडद्याच्या शस्त्रक्रियेत हात जितका तयार होतो, तितकी त्याची हद्द लवकर कळते, आणि प्रयोगशाळेत न्यायचा प्रश्न त्या हद्दीवरच सापडतो.

रॉबर्ट माखेमर यांचं उदाहरण घ्या. डोळ्याच्या आतला जेलीसारखा द्रव, व्हिट्रियस, याला हात लावला की डोळा गेला, अशीच पूर्वी समजूत होती. मायामीत 1970 साली माखेमरांनी बारीक छिद्रातून तो कापून, शोषून काढला आणि त्या जागी सलाईन भरलं. आज जगभर होणाऱ्या व्हिट्रेक्टॉमीची ही सुरुवात. हत्यार जमतंय का, हे त्यांनी आधी घरच्या गॅरेजमध्ये अंड्याच्या पांढऱ्या भागावर करून पाहिलं होतं. ही गोष्ट या क्षेत्रात चवीने सांगितली जाते. कमी सांगितलं जातं ते असं, की त्याआधी हा माणूस प्रयोगशाळेत माकडांच्या डोळ्यातला पडदा मुद्दाम सोडवून, नंतर पेशींचं काय होतं ते पाहत होता. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पडदा सुटला की त्याच्या खालच्या थरातल्या पेशी सुटून वाढतात, पडद्यावर कातडीसारखा थर धरतात, तो थर आकसतो आणि बसवलेला पडदा पुन्हा ओढून काढतो. म्हणजे ज्याने शस्त्रक्रिया शोधली, त्यानेच तिला हरवणारा रोगही नीट ओळखला. त्याला पन्नास वर्षं होत आली. या थरावर खात्रीचं औषध अजून नाही, पुन्हा ऑपरेशन हाच उपाय. मधल्या काळात मेथोट्रेक्सेट वापरून पाहिलं गेलं. ते मूळचं कर्करोगाचं औषध.

कर्करोगाचं औषध डोळ्यात जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पनवेलमध्ये काय किंवा कुठेही, शुगरच्या रुग्णाला इंजेक्शन देतात तेव्हा डोळ्यात बधिरतेचे थेंब घालतात, बीटाडीनने धुतात, पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या धरतात आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर बारीक सुई घालून 0.05 मिलिलिटर औषध आत सोडतात. क्षणभराचं काम. या इंजेक्शनांतलं एक औषध, बेव्हासिझुमॅब, 2004 मध्ये अमेरिकेत मान्य झालं ते आतड्याच्या कर्करोगासाठी. पुढच्याच वर्षी मायामीतले पडद्याचे डॉक्टर फिलिप रोझेनफेल्ड यांनी ते डोळ्यात दिलं. मोठ्या कुपीतून छोट्या सिरिंजा भरून घेतल्या की ते स्वस्तात पडतं, म्हणूनच गरीब रुग्णाच्या आवाक्यात आलं. गाठ वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या अडवा, हा या औषधामागचा विचार 1971 साली मांडला तो बोस्टनचे जूडा फोकमन यांनी. तेही सर्जनच. सहकाऱ्यांनी त्यांना बरीच वर्षं हसण्यावारी नेलं. शेवटी 1981 मध्ये त्यांनी शल्यविभागाचं प्रमुखपद सोडलं आणि प्रयोगशाळा धरली.

पण या साखळीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा दुवा 1994 चा आहे. लॉइड आयेलो आणि सहकाऱ्यांनी डोळ्याचं ऑपरेशन होत असलेल्या 164 रुग्णांच्या डोळ्यांतल्या द्रवाचे 210 नमुने तपासले. पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटत होत्या त्या डोळ्यांत रक्तवाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ भरपूर होतं. बेव्हासिझुमॅब अडवतं ते हेच. त्या नमुन्यांसाठी वेगळं काही कापावं लागलं नाही. तो द्रव ऑपरेशनमध्ये हाताशी होताच. नेहमीच्या व्हिट्रेक्टॉमीत तो मशीनच्या कॅसेटमध्ये जमतो आणि संध्याकाळी जैववैद्यकीय कचऱ्यात जातो. दुसऱ्या कुठल्याही रोगात इतक्या आत, इतक्या जवळ जाऊन घेतलेला नमुना कोणी असा फेकून देणार नाही.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले डॉ. राजेंद्र आपटे हे मराठी आडनावाचे पडद्याचे सर्जन. त्यांच्या अध्यासनाला पॉल सिबिस यांचं नाव आहे. 1962 साली सुटलेला पडदा दाबून धरायला डोळ्यात सिलिकॉन तेल भरलं ते याच सिबिसांनी. आपट्यांच्या गटाने 2013 मध्ये उंदरांवर दाखवलं, की मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशी म्हाताऱ्या झाल्या की त्यांना आतलं कोलेस्टेरॉल नीट बाहेर टाकता येत नाही, आणि त्यामुळे त्या नव्या रक्तवाहिन्या अडवायच्या सोडून वाढू देतात. म्हातारपणी पडदा खराब होणं हे नशीब नसून पेशींच्या कारभारातला बिघाड असू शकतो, असा याचा अर्थ. पडदा का खराब होतो, हा प्रश्न सर्जनलाच पडावा यात आश्चर्य नाही. तेच ते डोळे महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्यासमोर परत येत असतात.

भारतात सर्जन संशोधनाकडे वळत नाहीत असं नाही. पडद्याचेच सर्जन असलेल्या डॉ. बद्रीनाथांनी 1978 मध्ये चेन्नईत शंकर नेत्रालय उभं केलं आणि तिथे संशोधनालाही जागा दिली. आणि रुग्णाची खाट व प्रयोगशाळा एकाच आवारात कशी नांदते, हे पाहायला पनवेलकराला चेन्नई गाठायची गरज नाही. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोगावरचं उपचार आणि संशोधन केंद्र आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेली कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती जून 2021 मध्ये तिथेच पहिल्या रुग्णाला दिली गेली, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तिला देशात परवानगी मिळाली. हार्बर लाइनवर खारघरनंतर पनवेल हे तिसरं स्टेशन. बर्फाच्या डब्यातले व्हिट्रियसचे नमुने पनवेलहून तिथे पोचायला वेळ लागणार नाही.

अडचण अंतराची नाहीच. नमुना घेण्याआधी रुग्णाची संमती घ्यावी लागते, नीतिसमितीची परवानगी लागते, कुपीवर चिठ्ठी लावून ती उणे 80 अंशाच्या फ्रीजरमध्ये ठेवणारा माणूस लागतो. हे सगळं पैशाने मिळतं. मिळत नाही तो सर्जनचा वेळ. आपल्याकडे त्याचं मोल 'आज किती केसेस' यावर ठरतं, आणि ते अगदीच चुकीचंही नाही. बाहेर बाकावर पेणहून आलेला माणूस बसलेला असतो. म्हणून प्रत्येक सर्जनने संशोधक व्हावं, असं मी म्हणणार नाही. दहांतल्या एकाला आठवड्यातून एक दिवस यादीतून मोकळं करावं, एवढंच. मात्र त्या दिवशीच्या केसेस कोण करणार आणि रुग्णालयाचं बुडालेलं उत्पन्न कुठून भरून काढायचं, हे फ्रीजर घेण्याच्या आधी ठरायला हवं.