रथात एकच जागा

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात एक प्रवास आहे, आणि तो टप्प्याटप्प्याने मोडत जातो. हस्तिनापुराहून निघालेल्या पाच पांडवांच्या आणि द्रौपदीच्या मागे एक कुत्रा चालू लागतो. त्याला कोणी बोलावलेले नसते. हिमालय ओलांडल्यावर प्रथम द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. कुत्रा तेवढा बरोबर राहतो. मग इंद्र रथ घेऊन येतो आणि युधिष्ठिराला सांगतो, तू चल. हा कुत्रा मात्र इथेच सोड. युधिष्ठिर नकार देतो. पुढे त्या कुत्र्याचा धर्म होतो, आणि ऐकणारा निश्चिंत होऊन घरी जातो.

मलाही हा प्रसंग पुष्कळ वर्षे सोपा वाटत असे. १९९४ च्या मे महिन्यात तो अवघड झाला, तो अद्याप तसाच आहे.

थोरले बंधू इंदूरला अंथरुणाला खिळले होते आणि लवकर निघून ये, असा सकाळी फोन आला. मी धुळ्याला एकटा राहत असे. शेजारी सुटीसाठी गावाला गेलेले. मोतीला कोणाकडे ठेवावे हा विचार मी पाच मिनिटे केला असेल, आणि त्याला मोटारीच्या मागच्या आसनावर घेऊन निघालो. शिरपूर गेले, पळासनेर गेले आणि सेंधव्याच्या अलीकडे, बिजासनच्या घाटात, रेडिएटरची रबरी नळी फुटली. जुन्या मोटारीला घाट आणि ऊन ही दोन्ही एकदम सोसत नाहीत. साडेअकरा वाजले होते. निमाडचे मे महिन्यातले ऊन ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवाटेच काय तो उष्मा बाहेर जातो. बंद मोटारीत तो काही वेळात मरू शकतो. रस्त्याच्या कडेच्या खडकाची हातभर सावली, डब्यातले तीन-चार तांबे पाणी आणि आम्ही दोघे, असा तो संसार होता.

अर्ध्या तासाने कांद्याचा एक ट्रक थांबला. चालक भला होता. केबिनमध्ये एका माणसापुरती जागा आहे, सेंधव्याला सोडतो, तिथून इंदूरची बस मिळेल, असे तो म्हणाला. कुत्रा मात्र नाही. त्याच्या क्लीनरला लहानपणी कुत्रे चावले होते आणि पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती. तो मुलगा मोतीकडे पाहूनच दाराला चिकटला होता. (इंद्राचे कारण असे होते की, कुत्री बाळगणाऱ्यांना स्वर्गात थारा नाही. क्लीनरचे कारण मला अधिक वजनदार वाटले, आजही वाटते.) वर देवीच्या देवळापाशी दुकाने आहेत, तिथे बांधून ठेवा, परतताना घेऊन जा, असा तोडगाही चालकाने सुचवला. मी विचार केला आणि त्याला जायला सांगितले.

त्या क्षणी माझ्या मनात युधिष्ठिर होता, हे कबूल केले पाहिजे. साहित्याचा असा एक उपद्रव आहे की, ते आपल्याला ऐनवेळी उसनी भूमिका देते. तिसऱ्या प्रहरी एक रिकामा टेंपो मिळाला, त्याने आम्हा दोघांना सेंधव्याला पोचवले. नळी बदलून मी इंदूरला शिरलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. दादांची शुद्ध संध्याकाळी पाचच्या सुमारास हरपली होती. दुपारपर्यंत ते माझी चौकशी करीत होते. पहाटे ते गेले. त्या ट्रकमधून गेलो असतो आणि बस लगेच मिळाली असती, तर साडेचार-पाचपर्यंत पोचलो असतो. कदाचित.

युधिष्ठिराचे उत्तर मी पुन्हा काढून वाचले ते त्यानंतर. इंद्र त्याला पेचात धरतो: भावांना सोडलेस, द्रौपदीला सोडलेस, मग कुत्र्यालाच का सोडवत नाही? युधिष्ठिर म्हणतो, ते मेले होते. मेलेल्यांशी ना सख्य उरते ना वैर. जिवंतपणी मी त्यांना सोडले नाही. युक्तिवाद बिनतोड आहे, परंतु तो मला उपयोगी नाही. माझा भाऊ जिवंत होता.

मग ध्यानात येते की व्यासांनी, किंवा परंपरेने, हा प्रश्न किती जपून मांडला आहे. कुत्र्याच्या वेळी भाऊ वाटेत नाहीत. पुढे स्वर्गारोहण पर्वात भावांसाठी नरकात थांबण्याची वेळ येते तेव्हा कुत्रा नाही. दोन जिवंत ओढी एकाच वेळी युधिष्ठिराच्या दोन हातांना लागलेल्या आपल्याला दिसत नाहीत. नाथांची कथाही तशीच आहे. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. मोठी गोष्ट आहे. पण कावड त्यांची होती, पुण्य त्यांचे होते. युधिष्ठिराने नाकारलेला स्वर्गही त्याचा स्वतःचा. स्वतःच्या वाट्यातले देऊन टाकणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात. मी जे मोतीला दिले ते माझे नव्हते. ते दादांच्या वाट्याचे होते, आणि त्यांना विचारलेले नव्हते.

असे असेल तर मग मी चुकलो, असे म्हणून मोकळे व्हावे. तेही जमत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, वाजवी कारणाशिवाय प्राण्याला तहानभूक सोसावी लागेल अशा स्थितीत टाकून जाणे हा गुन्हा मानला आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड त्यात दहा ते पन्नास रुपये लिहिला आहे. रकमेवरून हसू येते, पण शब्दयोजना हसण्यासारखी नाही. मरणासन्न भाऊ हे वाजवी कारण आहे की नाही? कोणताही न्यायाधीश आहे म्हणेल. मीही दुसऱ्याच्या बाबतीत तेच म्हणेन. कायद्याला कारण पुरते. मोतीच्या बाजूने पाहिले तर तिथे कारण नावाची वस्तूच नाही. दोरी आहे, ऊन आहे, आणि दूर जाणारा ट्रक आहे.

घाटातली भटकी कुत्री त्या उन्हात निभावून नेतात. कुठे पाणी, कुठे सावली, कोणाच्या दगडाचा नेम चांगला, हे त्यांना ठाऊक असते. मोतीला त्यांपैकी काहीही येत नव्हते, कारण ते त्याला येऊ नये अशीच व्यवस्था मी सात वर्षे केली होती. ताटलीतले दूध-पोळी, पंख्याखालची जागा, फाटकाला कडी. त्याचे परावलंबन हे माझे काम होते. इथे आपली जबाबदारी युधिष्ठिराहून जड आहे, असे मला वाटते. त्याच्या मागे आलेला कुत्रा आपल्या पायांनी आला होता आणि परतूही शकला असता. आपण पाळलेला प्राणी मोटारीत बसतो तो आपण दार उघडतो म्हणून. कुठे जायचे, का जायचे, घाट आहे की सपाटी, यांतले काहीही त्याला विचारलेले नसते. मोटार चालू असते तोवर ही गोष्ट दिसत नाही. ती बंद पडली, आणि तो काहीच घडले नसल्यासारखा माझ्याकडे पाहत बसला, तेव्हा दिसली.

आणि मोतीचा काही धर्म झाला नाही. सेंधव्याच्या गॅरेजात त्याने ओकारी काढली आणि एका पोराच्या अंगावर भुंकला.

तेराव्यानंतर मी धुळ्याला निघालो त्या सकाळी वहिनींनी विचारले. उशीर का झाला, हे त्यांनी त्या दिवसांत एकदाही विचारले नव्हते. त्या म्हणाल्या, ‘‘भावोजी, कुत्र्याला बरोबर कशाला आणलंत?’’ मी ट्रकचे सांगू लागलो, क्लीनरचे, उन्हाचे. त्यांनी मान हलवली. त्यांचा प्रश्न घाटाविषयी नव्हताच. धुळ्याला, मोटारीचे मागचे दार उघडण्यापूर्वी, मी जी पाच मिनिटे विचार केला, त्या पाच मिनिटांविषयी होता. गल्लीच्या टोकाला किराणा दुकानदार होता, शाळेचा शिपाई होता. दोघांनीही मोतीला ठेवून घेतले असते. विचारायला जाण्याइतका वेळ मला घालवायचा नव्हता.

हे मी त्यांना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. ओसरीवर मोतीचे भांडे कोरडे पडले होते. माठातले पाणी आणून त्यांनी ते भरले आणि त्या आत गेल्या.