न दुखणारा पाय

थोडा वेळ बसा. चपला बाजूला ठेवा, एक पाऊल मांडीवर घ्या आणि घाई न करता तळव्याकडे पाहा. याआधी असं कधी पाहिलं होतं, ते आठवून पाहा. बहुतेकांना आठवत नाही.

आता मनाने एन्नोरला चला. चेन्नईच्या उत्तर टोकाला कोसस्थलैयार नदी इथे खाडी होऊन समुद्राला मिळते. खाडीत उतरून, चिखल चाचपत हातांनी कोळंबी पकडणारी माणसं आजही इथे आहेत. त्यांचे पाय तासन्‌तास पाण्यात असतात. त्याच पाण्यात औष्णिक वीजकेंद्रांची राख मिसळत आली आहे. डिसेंबर २०२३मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या पुराबरोबर तेल आलं, तेव्हा कोळी उघड्या हातांनी ते उपसत होते. अशा पाण्यात शिंपल्याने तळवा कापला किंवा बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, तर माणसाला बाहेर काढते ती वेदना.

त्या वेदनेपाशी जरा थांबू. डॉ. पॉल ब्रँड १९४६मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोगाने बोटं आपोआप झडतात असा तेव्हा समज होता. त्यांना दिसलं ते वेगळंच: बधिर पायाला जखम कळत नाही, माणूस तिच्यावरच चालत राहतो आणि बोटं त्यामुळे जातात. मधुमेहातही हेच घडतं. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरात सर्वांत लांब. वाढलेल्या साखरेची झळ बहुधा त्यांच्या टोकांना आधी लागते. आधी मुंग्या, रात्रीची जळजळ, मग काहीच नाही. चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर ध्यानात येतं. जळजळ थांबली म्हणून बरं वाटतं, तेव्हाच खरं तर काळजी करायला हवी.

डोळे मिटा. घरातल्या कुणाला तरी तुमच्या पायांच्या बोटांच्या टोकांवर अलगद बोट टेकवायला सांगा. प्रत्येक स्पर्श कळला का? एकही निसटला असेल तर साखर तपासून घ्या.

आता घोट्याच्या वर, हाडावर अंगठा काही क्षण दाबून धरा. खड्डा पडून तसाच राहिला, तर अंगात पाणी साठतं आहे. दिवसभर उभं राहिल्याने किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असं होतं. पण हृदय, मूत्रपिंड, यकृत यांची तपासणी टाळू नका. पाऊल थंड पडतं का? चालताना पोटरी आवळते आणि थांबल्यावर मोकळी होते का? मग पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील, आणि पायाच्या झाल्या तर हृदयाच्याही झालेल्या असू शकतात.

एन्नोरच्या माणसाला हे सगळं पाहायला उसंत कुठून मिळावी, हा प्रश्न मला सोडत नाही. आपल्याला ती आहे. म्हणून आज रात्री घरातल्या आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे तळवे उजेडात धरून पाहा, बोटांच्या बेचक्यांसकट. मधुमेही माणसाच्या पायाला जखम दिसली आणि ते म्हणाले, ‘दुखत नाही गं, राहू दे’, तर राहू देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, तर तेव्हाही एक दिवस थांबू नका.