जिवंत दगडांचा मनोरा



न्यूयॉर्कमध्ये एपिस्कोपल पंथाचे ‘सेंट जॉन द डिव्हाइन’ हे भव्य कॅथेड्रल आहे. त्याची कोनशिला १८९२ साली बसवली गेली. १९४१ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि बांधकाम थांबले. पुढे १९६० च्या दशकात तेथील बिशपांनी ठरवले, की भोवतीची वस्ती गरिबीत असताना मनोऱ्यांवर पैसा खर्च करायचा नाही.

१९७९ साली काम पुन्हा सुरू झाले, ते निराळ्या विचाराने. हार्लेम आणि आसपासच्या बेकार तरुणांना कॅथेड्रलच्या आवारातच पाथरवटाचे काम शिकवले जाऊ लागले. शिकवायला इंग्लंडहून कसलेले कारागीर आले. साच्यावरून रेघ आखायची आणि छिन्नी-हातोड्याने दगड घडवायचा. दक्षिणेकडचा मनोरा सुमारे ५० फूट वाढला. १९९० च्या दशकात पैसा संपला, काम थांबले. मनोरे आजही अपुरे आहेत.

मग श्रम वाया गेले काय? नाही. मनोरा थांबला, पण ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्यांच्या हाती हुन्नर आला. संत पेत्र आपणा श्रद्धावंतांनाच जिवंत दगड म्हणतो.

आपणही चर्चच्या रंगरंगोटीसाठी आनंदाने वर्गणी देतो. ती देताना शाळा सोडून घरी बसलेला शेजारचा मुलगा आपल्याला दिसतो का? आपल्यातील सुतार, गवंडी, वायरमन यांनी एकेका मुलाला हाताखाली घ्यावे. प्रभू येशूही सुताराच्या घरी वाढला. परमेश्वर आपणांस तशी बुद्धी देवो. आमेन.