मैत्रीचे दोन उच्चार

तारापूरच्या खाडीपलीकडे वसलेल्या चिंचणी गावी जे ताम्रपट सापडले, त्यांतील शके 848, म्हणजे इ.स. 926, या वर्षाचा पट मला पुन्हा पुन्हा आठवतो. कारण राष्ट्रकूट इंद्रराजाच्या अमदानीत संयान मंडळाचा, म्हणजे आजच्या संजाण परिसराचा, कारभार ज्याच्या हाती होता तो अंमलदार ताजिक, म्हणजे अरब होता, आणि त्याचे मधुमति हे नाव महंमद या नावाचे संस्कृत रूप असावे असे विद्वान मानतात. आसपासची बंदरे त्याने आपल्या धन्यासाठी शस्त्रबळाने जिंकली आणि तेथे आपले अधिकारी नेमले. पण पट तेथे थांबत नाही. नद्या ओलांडण्यासाठी त्याने विनामूल्य नावेची सोय केली, तांदळाचा भात, कालवणे आणि तूप मोफत मिळेल असे अन्नसत्र उघडले, आणि राजाच्या संमतीने देवीच्या मठिकेस भूमिदानही दिले. देवी त्याच्या धर्मातली नव्हती आणि दानपत्राची भाषाही त्याच्या घरची नव्हती. आपण या मुलखात परके आहोत याची त्याला जाणीव असली पाहिजे, आणि त्या जाणिवेपोटीच येथे पुण्य कशाला म्हणतात हे त्याने विचारून घेतले असले पाहिजे, असे मला वाटते.

हे आठवण्यास कारण आहे भारत आणि थायलंड यांच्या सैन्यांची संयुक्त कवायत. तिचे नाव ‘मैत्री’. जुलै 2024 मध्ये ती थायलंडच्या ताक प्रांतात झाली, तेव्हा आपल्याकडून 76 जणांची तुकडी गेली आणि तिच्यात प्रामुख्याने लडाख स्काउट्सचे जवान होते. सप्टेंबर 2025 मध्ये ती मेघालयातील उमरोई येथे भरली. पंधरवड्याची ही कवायत. एवढ्या अवधीत दोन देशांच्या शिपायांनी एका तंबूत मसलत करायची, एका जंगलात एकमेकांच्या भरवशावर गोळीबाराचा सराव करायचा. अशा वेळी जवानाला यजमानांच्या रीतिरिवाजांचे ज्ञान हवे, याविषयी दुमत नसावे. माझा मुद्दा त्यापुढचा आहे. थायलंडच्या बाबतीत आपली अडचण परकेपणाची नाही. त्या देशाविषयी आपल्याला वाटणाऱ्या, पण तपासून न पाहिलेल्या जवळिकीची आहे.

त्यांची जुनी राजधानी अयुध्या, त्यांच्या राजांची पदवी राम, राजमुद्रेवर गरुड आणि कवायतीचे नावही आपलेच; एवढे ऐकल्यावर आपल्या माणसाला वाटते की हे तर आपलेच लोक, यांच्याविषयी वेगळे काय शिकायचे! पण शब्द समुद्र ओलांडून जातो तेव्हा अर्थ त्याच्याबरोबर जातोच असे नाही. मैत्रीचा त्यांचा उच्चार ‘माय-त्री’ असा होतो, तेथवर ठीक आहे. ‘संसार’ हा आपला घरगुती, भांड्याकुंड्यांचा शब्द तिकडे ‘सोंगसान’ झाला आणि त्याचा अर्थ झाला कीव, दया. संक्रांत आपण जानेवारीत तिळगूळ देऊन साजरी करतो. त्यांचा ‘सोंगक्रान’ एप्रिलच्या मध्यास येतो आणि पाण्याने साजरा होतो. यापेक्षाही नाजूक गोष्ट हाताची आहे. धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवणे हा आपल्याकडे आशीर्वाद. आपला प्रौढ सुभेदार तरुण शिपायाची पाठ थोपटता थोपटता मायेने त्याच्या केसांतून हात फिरवतो. थाई माणसाला मस्तक हा देहाचा सर्वांत पवित्र भाग, आणि परक्याने त्याला हात लावणे म्हणजे अवमान. मनात केवळ वात्सल्य असताना घडलेला हा अपराध असल्यामुळे, आपल्या हातून काही घडले आहे हे अपराध्याच्या गावीही नसते.

धर्माच्या बाबतीतही तोच प्रकार होतो. लडाखी बौद्ध आणि थाई बौद्ध दोघेही बुद्धाला शरण गेलेले. पण एकाची परंपरा वज्रयानाची, दुसऱ्याची थेरवादाची, आणि भिक्षूने माध्यान्हीनंतर जेवू नये, स्त्रीने त्याला स्पर्श करू नये, हे नियम थाई समाजात सामान्य माणूसही कसोशीने सांभाळतो. आपल्या महाराष्ट्रातील जवान गेला तर अंतर आणखी वेगळे पडेल. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास डॉ. आंबेडकरांनी जो धम्म दिला, त्यात कर्मकांडाला आणि चमत्काराला थारा नाही. त्या संस्कारात वाढलेल्या तरुणाला थाई सैनिकाच्या गळ्यातील बुद्धप्रतिमेचे ताईत आणि अंगणातील भूमिदेवतेचे चिमुकले देवघर पाहून आपल्याच धर्माचा हा कोणता अवतार, असा प्रश्न पडेल. प्रश्न पडणे गैर नाही. त्याने तो मनात ठेवून त्या ताइतापुढे अदबीने उभे राहावे, एवढीच अपेक्षा आहे.

एका बाबतीत मात्र मराठी माणसाची तयारी इतरांहून अधिक आहे. थाई भाषेत ‘क्रेंग चाय’ नावाची एक मनोवृत्ती आहे: समोरच्याला त्रास होऊ नये, वडीलधाऱ्याचा शब्द मोडू नये, कोणाला लोकांत खाली पाहावे लागू नये म्हणून मनातले मनातच ठेवणे. याला आपल्याकडे भीड म्हणतात, आणि भिडस्त माणसाशी कसे बोलावे हे आपल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. आता हीच भीड सरावाच्या मैदानावर आणून पाहा. आपला अधिकारी सर्वांसमक्ष विचारतो, ‘ही वाट समजली ना?’ आणि पलीकडचा सहकारी हसून मान डोलावतो. ती मान होकाराचीच असेल असे नाही. ती मुलाहिज्याचीही असू शकते, आणि ती चुकीची वाचली तर एखादी तुकडी भलत्याच धारेवरून खाली उतरेल. म्हणून शहाण्या अधिकाऱ्याने त्याला बाजूला घेऊन, नकाशा पुढे करून, ‘तुम्ही असता तर कसे गेला असता?’ असे विचारावे. वाकून हात जोडण्याची रीत पुस्तिकेत वाचून एका दिवसात येते. हे विचारणे तसे येत नाही. त्यासाठी सवय लागते.

ही सवय घराजवळ लावता येते, असे मला अनुभवाने वाटते. पालघर जिल्ह्यातील बोईसरला औद्योगिक वसाहतीत बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेले कामगार, किनाऱ्यावर मांगेले, आत डोंगराकडे वारली, आणि 1969 पासून विजेची निर्मिती करणाऱ्या अणुकेंद्राच्या फाटकावर देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले केंद्रीय दलाचे जवान. मी याच जिल्ह्यात लहानाचा मोठा झालो आणि वारल्यांना आपलेच समजत आलो. तरीही पंचविशीत असताना एका पाड्यावर लग्नाला गेलो, तेव्हा सवासिनींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिलेला देवचौक कापडाने झाकलेला पाहून, आत काय आहे ते बघावे म्हणून मी ते कापड सरळ बाजूला सारले. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलेरीचे गाणे तुटले. कोणी रागावले नाही, आणि तेच मला अधिक लागले. एका म्हाताऱ्या बाईने कापड नीट सारखे केले, माझे मनगट धरून मला दाराशी नेऊन बसवले आणि कोऱ्या चहाचा पेला हातात दिला. पालघट देवीच्या चौकावरचा पडदा विधी झाल्यावाचून उघडत नाही, हे मला कोणीही सांगितले असते. मी विचारलेच नव्हते. परक्या मुलखात मी असा हात घातला नसता.

आपल्या सैन्यात कोणत्याही तुकडीला परदेशी पाठवण्यापूर्वी माहितीचे पाठ देण्याचा शिरस्ता आहे. त्या पाठात काय करू नये याची यादी असावीच: राजाच्या प्रतिमेचा अवमान तेथे कायद्याने गुन्हा आहे, हे सांगितलेच पाहिजे. परंतु त्या यादीआधी अर्धा दिवस जवानांना आपापसांत बोलू द्यावे. पालघरच्या वारली मुलाने पंजाबच्या शीख सहकाऱ्याला आपला देवचौक समजावून सांगावा, लडाखच्या मुलाने आपल्या लामाविषयी सांगावे, आणि ऐकणाऱ्याने उलट प्रश्न विचारावेत. वर्षानुवर्षे एका बराकीत राहिलेल्या माणसांनाही एकमेकांविषयी किती थोडे ठाऊक आहे, हे त्या दुपारी कळेल. मग थाई सहकाऱ्याच्या गळ्यातील ताईत दृष्टीस पडेल तेव्हा त्याला हात न लावता, हा कोणी दिला, असे जवान विचारील. आईने दिला, असे उत्तर आले तर दुभाष्यावाचूनही बोलणे पुढे सुरू राहील.