उंच इमारत आणि आकृतीचा अर्थ

क्वालालंपूर येथील ४५२ मीटर उंचीच्या पेट्रोनास जोडमनोऱ्यांची रचना करताना वास्तुकार सेझर पेली यांनी एकमेकांवर फिरवून ठेवलेल्या दोन चौरसांतून साकारणारा आठ टोकांचा तारा मजल्याच्या आराखड्यासाठी पायाभूत मानला. इस्लामी कारागिरीत, विशेषतः फरशीकामात आणि लाकडी जाळीत, अशा आकृत्या एका केंद्रातून उलगडत जातात, आणि अनेक अभ्यासकांना त्यांत तौहीद, म्हणजे ईश्वराचे एकत्व, सूचित झालेले दिसते. हीच आकृती पेट्रोनास या तेलकंपनीच्या कचेऱ्यांना आकार देऊ लागल्यावर तिचा धार्मिक आशय टिकतो काय, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राहून धर्मचिंतनाचा अधिक आहे; कारण जाळीसमोर बसलेल्याच्या नजरेत संपूर्ण आकृती सामावते, तर मनोऱ्यात वावरणाऱ्याला ती समग्रपणे कधीच दिसत नाही, आणि ध्यानाला आधार देणारे रूप केवळ आराखड्याच्या कागदावर उरते. याउलट, वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत जुन्या बंगल्याचा व्हरांडा, म्हणजे ऊन-पाऊस अडवणारी सावलीची जागा, दुमजली उंचीच्या गच्चीच्या रूपाने आकाशात नेला. तेथे वारसा चिन्ह म्हणून मिरवत नाही, तो रोजच्या राहण्यातून अनुभवाला येतो, आणि म्हणूनच कोरियांचा मार्ग परंपरेशी अधिक प्रामाणिक ठरतो.