जाळीं सांधतांना आलेली हांक

पावसाळ्यांत रत्नागिरीच्या बंदरीं यांत्रिक होड्यांस सुमारें दोन महिने मासेमारीची मनाई असते. त्या दिवसांत कोळी बंधु समुद्राकडे नुसता पाहत बसत नाहीं. फाटलेलीं जाळीं सांधतो. याकोब व योहान यांस प्रभूनें हांक मारिली तेव्हां तेही, सभास्थानांत नव्हे, बापाबरोबर तारवांत बसून हेंच करीत होते.

"लावणी उरकूं द्या, मग देवाचें पाहूं," असें आमच्यांतील पुष्कळ म्हणतात. आम्हींही म्हटलें आहे. पण देव भेटण्याची घटका आम्हांस ठाऊक नाहीं. मग सिद्धता ती कशाची करावी?

याच जिल्ह्यांतील करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले नारायण वामन टिळक १८९३ सालीं आगगाडीनें नागपुराहून राजनांदगांवास जात होते. डब्यांतील एका अनोळखी युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला व तो वाचण्याचें वचन घेतलें. आरंभीं पुस्तक त्यांस रुचलें नाहीं. तरी दिलेला शब्द म्हणून ते वाचीत गेले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं आल्यावर त्यांच्यानें तें खालीं ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

गाडींत बसतांना ते ख्रिस्तासाठीं सिद्ध होते असें आम्हांस वाटत नाहीं. परक्या मनुष्यास दिलेला शब्द मात्र त्यांनीं पाळला, तोही पुस्तक आवडत नसतां. आणि प्रभु त्यांस तेथेंच भेटला.

बंधूंनो, शेजाऱ्याचें उसनें भात सुगीनंतर देतों, असें आम्हीं म्हटलें होतें. दुखणाईत म्हातारीस भेटावयास रविवारीं येतों, असेंही म्हटलें होतें. किती रविवार गेले?